अ‍ॅम्प्लिफायरचे बोर्ड एकत्र मागवताय? आधी हा हिशेब बघा

घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे आम्ही सात जण. चार नांदेडचे, तीन लातूरचे. सगळ्यांना टीडीए 7294 आयसीचाच बोर्ड हवा होता. म्हटलं, एकत्रच मागवू. पैसे यूपीआयने माझ्याकडे जमा झाले.

यात बचत कुठे होते? ऑर्डर 5 बोर्डांची असो की 50, फाइल तपासणी आणि सेटअपचा खर्च जवळपास तेवढाच. समजा कुरिअर धरून तो 2100 रुपये आला, तर एकट्याला 2100, सात जणांत प्रत्येकी 300.

‘चीनमधून गिफ्ट म्हणून मागव, कस्टम लागत नाही,’ असा सल्ला अजूनही मिळतो. तो विसरा. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून माल आणायला बंदी आहे. ड्युटी आणि जीएसटी धरूनच वर्गणी काढा.

खरा धोका वेगळाच आहे. फाइलमधली एक चूक सगळ्या बोर्डांवर छापली जाते. आमच्या बोर्डवर आयसीच्या पिना आरशात दिसाव्यात तशा उलट्या आल्या. सगळे बोर्ड वाया. चूक माझी, पैसे सगळ्यांचे. लातूरच्या एकाने तर मेसच्या पैशातून वर्गणी दिली होती. मी हप्त्याहप्त्याने परतफेड केली.

आता आमचा नियम साधा आहे. आधी थोडे नग मागवायचे, एक जोडून वाजवून बघायचा, मगच मोठी ऑर्डर. बिल ग्रुपवर टाकायचं. आणि नुकसान झालं तर कोण भरणार, हे पैसे घेण्याआधीच लिहून ठेवायचं.