अनुदान कोणत्या अटीवर?

कॅथरीन डनहॅम या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तिकेने १९५१ साली चिलीतील सांतियागो येथे ‘साउथलँड’ सादर केले. गोऱ्या जमावाने निरपराध कृष्णवर्णीयाला झाडाला टांगल्याचे दृश्य त्यात होते. अमेरिकन वकिलात खवळली, प्रयोग बंद पडले. पुढे डनहॅम यांच्या पथकाच्या परदेश दौऱ्यांना सरकारी पैसाही मिळाला नाही. १९६२ साली मात्र आल्विन एली यांचे पथक त्याच सरकारने आशियात धाडले. शीतयुद्धात वर्णभेदाचा कलंक झाकावयाचा होता. असे हे औदार्य! आता तीही गरज सरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कलानिधीने वंचित समाजांसाठीची अनुदान-योजना रद्द केली. मे महिन्यात ट्रम्प सरकारने तो निधीच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्या निधीत कृष्णवर्णीय कामगारांचाही कर जमा आहे. त्यांच्या नर्तकांना अनुदान मिळालेच पाहिजे, आणि नृत्यात काय दाखवावे हे सरकारने ठरविता कामा नये.