पदर, गोषा आणि समीक्षेचा पडदा

दौलताबादचा किल्ला चढणाऱ्या गर्दीत डोईवरचा पदर असतो, घुंगट असतो, बुरखाही असतो. यांपैकी ‘प्रश्न’ म्हणून आपल्याला केवळ बुरखाच दिसतो. हा दृष्टिदोष पर्यटकांपुरता असता तर उपेक्षिता आला असता. तो मराठी समीक्षेतही मुरला आहे, म्हणून त्याची झाडाझडती आवश्यक ठरते.

हाच किल्ला देवगिरी म्हणून यादवांची राजधानी होता, त्या काळातील जनाबाईंचा प्रसिद्ध अभंग पाहावा. त्यातील जनी डोईवरून ढळलेल्या पदराची पर्वा न करता भर बाजारात निघते. आपली समीक्षा तत्काळ त्या पदराचे आध्यात्मिकीकरण करते: तो देहभान, तो लोकलाज, तो मायेचा पडदा. दासीच्या डोईवर पदराची सक्ती कोणाची होती, हा प्रश्न मात्र अरसिक ठरतो. बुरख्याला ही प्रतीकार्थाची सवलत नाही. तो निव्वळ मागासलेपणाचा पुरावा. आपले वस्त्र ते रूपक आणि इतरांचे ती वस्तुस्थिती! याला वाचन म्हणत नाहीत, पक्षपात म्हणतात.

कुळीन मराठा घराण्यांत गोषा हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. त्याच समाजातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले ते स्वकीय पुरुषांना आणि स्वकीय शास्त्रांना.

यावर आक्षेप येईल की, मग बुरख्याविषयी मौनच पाळावयाचे काय? मुळीच नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा सचिवालयावर नेला. त्यांचा रोख तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांवर होता. चिकित्सा वस्त्रापाशी थांबत नाही, ती हक्कापर्यंत पोहोचते, हा त्या मोर्चाचा धडा आम्ही गिरवलाच नाही.

2024 साली चेंबूरच्या एका महाविद्यालयातील हिजाबबंदी न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली; सर्वोच्च न्यायालयाने बंदीला अंशतः स्थगिती दिली. चर्चेचा कर्ता मात्र वस्त्रच राहिला. बंदीवाले आणि सक्तीवाले दोघेही त्या मुलींविषयी बोलत राहिले.

जनीच्या अभंगात क्रियापद प्रथमपुरुषी आहे. पदर ढळू देणारी तीच आहे, निघणारीही तीच आहे. पदर असो वा बुरखा, घालण्याचा आणि टाकण्याचा कर्ता कोण, हा एकच प्रश्न समीक्षेने सर्वत्र सारख्याच कठोरपणे विचारला पाहिजे. तो टाळणारी समीक्षा स्वतःच गोषात बसलेली आहे.