दावणीची विद्या कोण शिकविणार?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आमच्या गांवांतील एका कुणबी कुटुंबानें कर्ज काढून एक संकरित गाय दारांत आणली. गाय मोठी देखणी, कासेनें भरलेली. विकणारानें दोन्ही वेळचें दूध डोळ्यांदेखत काढून दाखविलें होतें. पहिले दोन महिने घरांत आनंद होता. मग एके दिवशीं एका सडांतून दुधाबरोबर गांठी येऊं लागल्या. कोणी म्हणाला दृष्ट लागली, कोणी म्हणाला उष्णता झाली; शेजारच्या म्हातारीनें लेप सांगितला. चार दिवसांनीं डॉक्टर आले तेव्हां दगडी होऊन तो सड कायमचा गेला होता, आणि पाठोपाठ दुसराही गेला. गाय निम्म्या किंमतीस बाजारांत गेली. कर्ज मात्र पुऱ्या किंमतीचें दारांत उभें आहे. त्या घरची मुलगी आमच्या शाळेंत सहावींत शिकते. तिनें आम्हांस विचारलें, "गुरुजी, सड बिघडणार हें आधीं कसं ओळखायचं?" आम्ही वीस वर्षें मुलें शिकवीत आहों. या प्रश्नाचें उत्तर सहावीच्या पुस्तकांत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं तें आमच्यापाशींही नव्हतें.

गाय घेण्यास कर्ज मिळतें. शेळ्या घेण्यास अनुदान मिळतें. मात्र ती गाय व ती शेळी जगवावी कशी हें शिकविण्याची सोय कितीशी आहे? वर्ग होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांत कधीं कधीं फार तळमळीचे शिक्षकही भेटतात. परंतु आम्ही स्वतः बसलों तो वर्ग एका दिवसाचा होता. सकाळीं हारतुरे, मग भाषणें, दुपारीं जेवण, शेवटीं प्रमाणपत्र आणि फोटो. सबंध दिवसांत त्या मांडवांत एक जनावर आलें नाहीं. भाकरी थापणें कोणी व्याख्यानानें शिकत नाहीं. धार काढणें तरी कसें शिकेल?

येथें आम्ही वाचकांस जरा दूर नेतों. युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क म्हणून एक लहानसा देश आहे. तेथील कुळवाडी अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जमीनदाराच्या वतनास बांधलेला होता. मालकाच्या परवानगीवांचून त्यास गांव सोडतां येत नसे. १७८८ सालीं हें बंधन मोडण्यास आरंभ झाला. १८१४ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. पण लिहितावाचता आलेला कुळवाडी सभेंत मागल्या बाकावरच बसे. बोलणारे ते लॅटिन शिकलेले. ग्रुंटविग नांवाच्या धर्मोपदेशकानें याविरुद्ध लेखणी उचलली. मेलेल्या भाषेची घोकंपट्टी पुरे, शेतकऱ्याच्या तरुण पोरांस त्यांच्याच भाषेंत, जिवंत बोलण्यांतून शहाणें करा, असें त्याचें म्हणणें होतें. अशी पहिली लोकशाळा १८४४ सालीं रडिंग या गांवीं निघाली.

पुस्तकांतला विचार शेतकऱ्याच्या अंगणांत आणला तो मात्र क्रिस्टन कोल्ड यानें. हा चांभारकाम करणाराचा, म्हणजे जोडे शिवणाराचा मुलगा. शिक्षण मास्तरकीच्या ट्रेनिंगचें, आमच्यासारखेंच. त्यानें १८५१ सालीं रिस्लिंग येथें शाळा काढली. शाळा म्हणजे एक शेतघर आणि मूठभर पोरें. नोव्हेंबरांत, शेतें बर्फाखालीं निजलीं म्हणजे पोरें यावयाचीं. मार्चअखेर, नांगराचे दिवस आले म्हणजे घरीं जावयाचीं. गुरुजी व शिष्य एकाच ताटव्यावर जेवीत, एकाच माळ्यावर निजत. परीक्षा नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. पुढें मुलींसाठीं उन्हाळ्यांत तीन महिन्यांचे वर्ग निघाले. हंगाम शेतीचा, शाळा रिकाम्या दिवसांची: हा नियम त्यांनीं कधीं मोडला नाहीं. शेतकऱ्याच्या पोरास शाळेसाठीं शेत सोडावें लागलें नाहीं, आणि शेतासाठीं शाळाही सोडावी लागली नाहीं.

१८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं लढाईंत डेन्मार्कचा दक्षिणेकडील मोठा मुलूख तोडून घेतला. रडिंग परक्यांच्या हातीं गेलें. तेथील शिक्षकांनीं रडत न बसतां पुढच्याच वर्षीं सीमेच्या अलीकडे आस्कोव्ह येथें नवी शाळा उभारली. मग दुसरें संकट आलें. १८७० नंतर अमेरिकेचें व रशियाचें स्वस्त धान्य आगबोटींनीं व आगगाड्यांनीं युरोपांत लोटलें आणि धान्याचा भाव कोसळला. डेन्मार्कचा शेतकरी गहूं व बार्ली विकून जगणारा. तो बुडावयास आला. त्यानें उलटा विचार केला. धान्य स्वस्त झालें ना? मग तें विकत घेऊन गुरांस व डुकरांस चारूं, आणि लोणी व मांस विकूं. सबंध देशानें वीस वर्षांत शेतीची कूस पालटली.

हें सोपें नव्हतें. धान्य पिकविणाऱ्यास गोठा सांभाळणें आपोआप येत नाहीं. यासाठीं लोकशाळांच्या जोडीस शेतकी शाळा निघाल्या: १८७१ सालीं टूने येथें, १८७९ सालीं लाडेलुंड येथें, १८८६ सालीं डालुम येथें. याही राहून शिकण्याच्या शाळा. लोकशाळेंत इतिहास, भाषा, गाणें, सभेंत उभें राहून बोलणें. शेतकी शाळेंत चारा, खाद्य, पैदास, दूध, हिशेब. आधीं माणूस घडला आणि मग गवळी घडला.

त्याचें फळ १८८२ सालीं दिसलें. पश्चिमेकडील येडिंग या खेड्यांत शेतकऱ्यांनीं मिळून पहिली सहकारी दूधशाळा काढली. मलई वेगळी करणारें फिरतें यंत्र नुकतेंच निघालें होतें. तें एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरचें, म्हणून सर्वांनीं मिळून कर्ज उचललें व सर्वांनीं मिळून हमी दिली. सगळ्यांचें दूध एकत्र करावें, लोणी करून विकावें, मलई काढलेलें दूध ज्याचें त्यास वासरांडुकरांसाठीं परत द्यावें, आणि नफा ज्यानें जितकें दूध घातलें त्या मानानें वांटावा. या चळवळींत मताचा नियम असा पडला कीं, मतें डोक्यांवर मोजावीं, गुरांवर मोजूं नयेत. ज्याच्या दावणीस तीस गाई त्याचें एक मत, आणि ज्याच्या दारीं एकच गाय त्याचेंही एक मत. १८९० पर्यंत अशा दूधशाळा सुमारें ७०० झाल्या. १८८७ सालीं जर्मनीनें डेन्मार्कच्या जिवंत डुकरांस बंदी केली, तेव्हां त्याच वर्षीं हॉर्सेन्स येथें सहकारी मांस-कारखाना निघाला व माल इंग्लंडास जाऊं लागला.

आणखी एक गोष्ट, आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी. १८९५ सालीं आस्कोव्हच्या शेजारीं वायेन या गांवीं शेतकऱ्यांनीं दूध-तपासणी मंडळी काढली. जगांतली ही पहिली. मंडळीनें शिकलेला एक तरुण नेमला. तो आळीपाळीनें प्रत्येकाच्या गोठ्यांत जाई, दर गाईचें दूध मापी, त्यांतील स्निग्धांश तपासी, तिनें खाल्लेलें खाद्य तोली आणि वहींत मांडी. कोणती गाय मालकास पोसते आणि कोणत्या गाईस मालक पोसतो, हें त्या वहीनें उघड केलें. आमच्याकडे अशी वही किती गोठ्यांत आहे? लग्नाच्या आहेराची वही मात्र प्रत्येक घरीं आहे.

आतां कोणी म्हणेल, परक्या देशाच्या गोष्टी सांगून काय उपयोग? त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्या १८८२ सालीं येडिंगला दूधशाळा निघाली, त्याच सालीं पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें आपलें निवेदन ठेवलें. खेड्यांतील शिक्षक शेतकरी वर्गांतूनच घ्यावे, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास त्यांस लाज वाटूं नये, आणि शाळेंत शेतीचे धडे असावे, असें त्यांनीं सांगितलें. पुढल्याच वर्षीं 'शेतकऱ्याचा असूड' यांत चांगल्या जातीचीं शेळ्यामेंढरें आणून त्यांची पैदास करण्याची सूचना त्यांनीं केली. तेव्हां हा विचार आपल्या घरीं नव्हता असें नाहीं. विचार होता, त्याची शाळा झाली नाहीं.

वसतिगृहें झालीं, आणि तीं थोर झालीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९०१ पासून बोर्डिंगें उभारलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून कष्ट करून शिकण्याचा धडा घातला. त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. त्या वाटेनें आलों म्हणूनच आज आमच्या हातीं खडू आहे. परंतु बोर्डिंगांतून शिकलेला मुलगा बहुधा कचेरींत गेला, मास्तर झाला, शहरांत राहिला. तें त्या काळीं जरूरच होतें. मागें गोठ्यांत राहिलेल्या भावाबहिणीसाठीं मात्र बोर्डिंग निघालें नाहीं. जो शिकून परत दावणीपाशींच येणार आहे, त्याचें शिक्षण कोणाच्याच खातीं पडलें नाहीं.

आमची मागणी साधी आहे. दर तालुक्यास एक हंगामी निवासी गोठाशाळा असावी. रब्बीचें खळें आटोपल्यापासून पहिल्या पावसापर्यंत दीड महिना ती चालावी. त्या दिवसांत ऊंसतोडीस गेलेले लोक परत आलेले असतात, आणि गांवोगांवच्या शाळांच्या इमारती सुटीमुळें कुलुपांत असतात. चारा व पाणी यांची ओढ त्याच दिवसांत पडते, म्हणून तें शिकण्याची वेळही तीच. मेंढपाळांचे वाडे मात्र दिवाळीनंतर बाहेर पडतात व पावसाळ्याच्या सुमारास परततात. त्यांची शाळा पावसाळ्यांत त्यांच्याच माळावर भरवावी. शाळेंत दहा दुभतीं जनावरें, वीस शेळ्या आणि पंचवीस शिकणारे असावे. धार काढणें, शेण उचलणें, वैरण कुटणें, रात्रीचा पहारा करणें, सर्व त्यांनींच पाळीपाळीनें करावें. व्यायला आलेली गाय कचेरीची वेळ पाहत नाहीं. ती रात्रीं दोन वाजतां व्याली तर दोन वाजतां वर्ग भरावा.

तेथें काय शिकवावें? वासरूं जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याच्या पोटांत चीक गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका गेला पाहिजे. पंचवीस किलोच्या वासरास अडीच लिटर. जार पडेपर्यंत चीक पाजूं नये ही समजूत आमच्याकडे किती वासरें मारते! गाभण गाय विण्यापूर्वीं दोन महिने आटवावी. अंगठा मुडपून धार काढल्यानें सडास इजा होते; सबंध मुठीनें काढावी. गाय सकाळीं माजावर दिसली तर संध्याकाळीं भरवावी, संध्याकाळीं दिसली तर दुसऱ्या सकाळीं. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाआधीं, लाळ्या-खुरकुताची वर्षांतून दोनदां. २०२२ सालीं लंपीच्या सांथींत दावणी ओस पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. लस म्हणजे काय हें तेव्हां सांगत फिरण्यापेक्षां आधीं शिकविलेलें बरें. आणि या सर्वांबरोबर वही: रोजचें दूध, रोजचें खाद्य, महिन्याची बाकी. शेवटीं सभेचें काम: दूधसंस्थेचा ताळेबंद वाचणें व उभें राहून प्रश्न विचारणें. ज्यास ताळेबंद वाचतां येत नाहीं, त्याचें दूध संस्थेचें आणि संस्था दुसऱ्याची होते.

यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, गुरें राखण्यास शाळा कशाला, बापजाद्यांनीं काय शिकून गुरें पाळलीं? बापजाद्यांची खिलार व डांगी आमच्या रानास सरावलेली होती. बारा-पंधरा लिटरची संकरित गाय हें निराळें जनावर आहे. तिच्या चुकीची किंमतही निराळी आहे. दुसरा आक्षेप असा कीं, दीड महिना घर सोडील कोण? हा खरा आहे. म्हणून एका घरांतून एकानेंच यावें, आणि ज्याचा रोज बुडतो त्या भूमिहीनास सरकारनें रोजाइतकें द्यावें. डेन्मार्कच्या सरकारनें गरीब विद्यार्थ्यांस मदत दिली, आणि काय शिकवावें तें शाळेवर सोपविलें. तरीही तेथील पहिल्या शाळा बऱ्या जमिनीवाल्यांच्याच पोरांनीं भरल्या. अल्पभूधारकांच्या स्वतंत्र शाळा निघावयास विसावें शतक उजाडावें लागलें. ती चूक आपण करूं नये. पहिली जागा जिच्या दारीं चारच शेळ्या आहेत तिला द्यावी.

'तिला' असें आम्ही जाणून लिहितों. वैरण आणते बाई, शेण काढते बाई, पुष्कळ घरीं धारही काढते बाई. आणि वर्गाचें बोलावणें येतें पुरुषास. तो ऐकून येतो, घरीं येऊन अर्धें सांगतो, अर्धें विसरतो. शिकवावयाचें तर ज्या हातांनीं काम होतें त्या हातांस शिकवा. तिच्या लेंकरांसाठीं शाळेंत पाळणा टांगा, म्हणजे ती येईल.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, ही शाळा कोणी आपण होऊन आणून देणार नाहीं. येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा. दूधसंस्थेच्या वार्षिक सभेंत विचारा कीं, नफ्यांतून शिक्षणासाठीं किती ठेवलें व तें कशावर खर्च झालें. शिक्षक बंधूंस आमची विनंति आहे कीं, सुटींत आपल्या शाळेची किल्ली या कामास द्या; आम्ही आमची देण्यास तयार आहों.

त्या मुलीस आम्ही पशुवैद्यांकडे जाऊन, विचारून, उत्तर सांगितलें. रोज धार काढण्यापूर्वीं हात व कास धुवावी. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्या. गांठ किंवा पाणी दिसलें कीं त्याच दिवशीं डॉक्टर बोलवावा. दूध काढल्यावर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें राहतें, म्हणून गाईपुढें वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी. तिनें तें सारें वहींत उतरून घेतलें. मग म्हणाली, "एवढंच होतं, गुरुजी?" एवढेंच होतें. उत्तर एका फडक्याचें होतें, आणि तें त्या घरीं वेळेवर पोंचविणारें कोणी नव्हतें.