आधी भोक दाखवा!

मिठबाव-तांबळडेगच्या वाचकांची पत्रे समोर आहेत. तक्रार एकच. वाऱ्यात होडी खडकावर आपटून फुटली. विम्याच्या सर्वेक्षकाने वरवर पाहून शेरा मारला : 'फळ्या धड, नुकसान किरकोळ.' पठाणालगतची, म्हणजे तळाच्या कण्यालगतची, फळी फोडून आतली पोखरण दाखवली, तर दुसरा शेरा : 'कीड. दावा अमान्य.' न फोडावी तरी पंचाईत, फोडावी तरी पंचाईत. लाकूड पोखरणारा टेरेडो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आतच वाढतो, हे साहेबांना कोणी सांगायचे?

मुळात 'कीड' एवढा शब्द पुरतच नाही. सागरी विमा कायदा, १९६३ चे कलम ५५ उंदीर आणि उपद्रवी जीवांनी केलेले नुकसान वगळते खरे. पण नुकसानीचे निकट कारण तेच असेल तर, आणि पॉलिसीत वेगळे काही लिहिलेले नसेल तर. होडी खडकावर कोणी घातली, वाऱ्याने की किड्याने? १७९६ साली विलायतेतल्या एका खटल्यात किड्यांनी जहाज खाणे हा 'समुद्राचा धोका' ठरला नाही. तिथे जहाज किड्यांनीच निकामी केले होते. इथे वारा होता, खडक होता.

आता आपल्या मंडळींचे कुठे चुकते, तेही पाहू. कंपनीच्या हाती कलम ४१ सुद्धा आहे : मुदतीच्या पॉलिसीत, होडी समुद्रात जाण्याजोगी नाही हे ठाऊक असून मालकाने ती पाठवली, तर त्या दोषाने झालेल्या नुकसानीचे पैसे नाहीत. ठाऊक नव्हते हे पटवायला आपल्याकडे काय असते? रंगाच्या डब्याची पावतीसुद्धा नसते! खरी रीत अशी : जून-जुलैत होडी वर ओढून झापांनी शाकारायची, म्हणजे लाकूड सुकते आणि कीड मरते. पण बिगरयांत्रिक होडीला पावसाळी मासेमारीबंदीतून सूट, म्हणून काही जण ती बारमाही खाडीतच ठेवतात. काहींनी फायबर चढवले आणि निर्धास्त झाले. वाळूत ओढताना पठाणाखाली तो थर फाटला, की आत काय चालले आहे ते सुताराच्या हातोडीलाही उशिरा कळते.

तेव्हा यंदा तळाला तांब्याचा रंग लावण्याआधी फळीन् फळी ठोकून घ्या. सुताराची सही, तारीख, फोटो, रंगाची पावती एका वहीत ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील नाही. मुदत मात्र कंपनीने ती तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास तो महिना संपल्यापासून, एक वर्षाची. ज्यांची नकारपत्रे घरात पडून आहेत, त्यांनी आजच तारखा पाहाव्यात.