ओबामांनी दिलेच नव्हते



‘समलिंगी विवाहाचा हक्क ओबामांनी दिला, आता ट्रम्प तो एका सहीत काढून घेणार,’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मुले-नातवंडे अमेरिकेत असलेली मंडळी तर ते छातीठोकपणे सांगतात. प्रस्तुत पत्रलेखकाला या विधानाचा पूर्वार्धही मान्य नाही आणि उत्तरार्धही.

सहीचेच घ्या. केंद्र सरकारच्या लेखी विवाह फक्त स्त्री-पुरुषाचा, असे ठरवणाऱ्या १९९६ च्या ‘डोमा’ कायद्यावर क्लिंटन यांनी मध्यरात्र उलटल्यावर, कॅमेऱ्यांना न बोलावता सही केली. ती केली नसती, तरी प्रतिनिधीगृहातली ३४२ आणि सेनेटमधली ८५ मते त्यांचा नकार मोडायला पुरेशी होती. धाकट्या बुश यांनी २००४ मध्ये थेट घटनादुरुस्तीचीच मागणी केली, पण ती सेनेटमध्येच अडकली. घटनादुरुस्तीला राष्ट्राध्यक्षांची सही तर लागतच नाही.

ओबामांच्या सरकारने २०११ मध्ये एवढेच केले, की न्यायालयात ‘डोमा’च्या मुख्य कलमाची वकिली थांबवली. अंमलबजावणी चालूच होती! ते कलम पाडले एडिथ विंडसर या न्यूयॉर्कच्या वृद्धेने. टोरांटोत जिच्याशी लग्न केले ती जोडीदार गेल्यावर त्यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला होता. जोडीदार पुरुष असता तर एक डॉलरही लागला नसता. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कलम रद्द केले. समलिंगी जोडीदारांना एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळू लागला तो त्यानंतर. दोन वर्षांनी, त्याच तारखेला आणि तेवढ्याच मतांनी, ‘ओबर्गफेल’ निकालाने देशभर हा विवाह कायदेशीर झाला.

दोन्ही निकाल लिहिले न्यायमूर्ती केनेडींनी. त्यांना नेमले होते कट्टर परंपरावादी रेगन यांनी, तेही सेनेटने रॉबर्ट बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारल्यावर!

राष्ट्राध्यक्षांची खरी ताकद या नेमणुकांत आहे, आणि तीही अशी बेभरवशाची. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत तीन न्यायमूर्ती नेमले. त्यांच्या मतांच्या बळावर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गर्भपाताचा हक्क गेला. त्याच निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘ओबर्गफेल’ही फेरविचारार्थ घ्यावा, असे लिहून ठेवले. संसद त्यामुळे सावध झाली. तिने केलेल्या विवाहसन्मान कायद्यावर १३ डिसेंबर २०२२ रोजी बायडेन यांनी सही केली. हेच बायडेन १९९६ मध्ये सेनेटर म्हणून ‘डोमा’च्या बाजूने मत देऊन मोकळे झाले होते.

या कायद्यालाही एक भगदाड आहे. परराज्यात झालेला विवाह प्रत्येक राज्याने मानलाच पाहिजे. पण स्वतःच्या कचेरीत तो लावून द्यायची सक्ती नाही. टेक्सासच्या राज्यघटनेत २००५ ची बंदी आजही छापलेली आहे. उद्या ‘ओबर्गफेल’ उलटला, तर ह्यूस्टनच्या जोडप्याला न्यूयॉर्कला जाऊन लग्नाचा दाखला आणावा लागेल. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा कुणीही बसलेले असो.

— एक वाचक