ॲव्हरेज कोणाचं?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये एक-दोघांनी विचारलं, ब्लॉग बंद केलास का? बंद नाही केला. दिवाळीपासून लोह्यात मामांच्या दोन ट्रकांचा हिशोब माझ्याकडे आलाय आणि रात्रीचा वेळ डिझेलच्या पावत्या लावण्यात जातो. तेव्हा आज पावत्यांवरच लिहितो. पुण्यातल्या भाच्यांना कंटाळा आला तर त्यांनी खुशाल पुढचं पान उलटावं :)

ट्रकवाल्यांच्या घरात ‘ॲव्हरेज’ हा शब्द जेवताना, लग्नात, मयतीतसुद्धा निघतो. आमची दहा चाकी भरलेली असली की लिटरला ४ किलोमीटरच्या आसपास देते. महिन्याला ६००० किलोमीटर धरा. म्हणजे १५०० लिटर. हेच ४.५ झालं तर १३३३ लिटर. १६७ लिटरचा फरक, ९० रुपयांनी धरला तरी १५ हजार. एका गाडीमागे, एका महिन्यात! ड्रायव्हरला जो पगार देतो त्याच्या जवळ जाणारा आकडा आहे हा. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला या अर्ध्या किलोमीटरसाठी झोप का लागत नाही, ते मला आत्ता कळायला लागलंय.

मग हा अर्धा किलोमीटर शोधायचा कुठे? मालक मंडळी पहिल्यांदा धावतात ती मिस्त्रीकडे. जुन्या गाड्यांत त्याला अर्थही आहे. नोझल घासलेलं असेल तर डिझेलचा फवारा न होता धार पडते, टायमिंग मागे सरकलेलं असेल तर ते नीट जळत नाही. टॅपेट, एअर फिल्टर यांचंही तसंच. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत, त्यातून सोयाबीनच्या हंगामात, फिल्टर किती लवकर भरतो ते एकदा काढून झटकून बघा. पण बरेचदा होतं उलटंच. ‘गाडीला ओढ नाही’ म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतलं जातं. गाडी ओढते, आणि चढावर मागे काळा ढग सोडते. तो ढग म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळलेलं डिझेल. पैसे देऊन भरलेलं आणि सायलेन्सरमधून सोडून दिलेलं. लोक त्याला ‘पॉवर’ म्हणतात, याची मला गंमत वाटते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर पान्ह्याचं काम फारसं उरलेलंच नाही. किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तिथे फिल्टर वेळेवर बदलणं, टायरची हवा बघणं आणि युरियाच्या टाकीत चांगला माल घालणं एवढंच आपल्या हातात. लॅपटॉप लावून ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून मी मामांना लांब ठेवलंय.

माझं म्हणणं असं, की उरलेलं सगळं ॲव्हरेज ड्रायव्हरच्या उजव्या पायात आहे. नांदेड-लातूर रस्ता चौपदरी झाल्यापासून तो पाय आपोआप खाली जातो. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो, आणि ताडपत्री नीट आवळलेली नसेल तर विचारूच नका. मोंढ्यात रांगेत गाडी तास-तास चालू ठेवली तर तासाला लिटर-दीड लिटर नुसतं उभ्या उभ्या जातं. उतारावर न्यूट्रल मारण्याची आपल्याकडे फार हौस. त्यात डिझेल वाचतं हा समजच चुकीचा. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच. वर इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळाच, वीस टन पाठीवर घेऊन.

पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून हे सांगतेय, ताशी ४५ ते ५५ ने चालवा म्हणून. सल्ला खरा आहे. पण तो ऐकायचा कुणी? ड्रायव्हरने ५० ने गाडी आणली तर अहमदपूर येईपर्यंत मालकाचे तीन फोन येतात. ‘कुठं आलास? माल कवा उतरायलाय?’ घाई आपणच लावायची आणि पावती बघून ओरडायचंही आपणच.

याहून वाईट आहे ते ॲव्हरेज ‘ठरवून देणं’. बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी: गाडीचं ४ ठरलं, त्या हिशोबाने ट्रिपचं डिझेल दिलं. कमी पडलं तर पगारातून कापणार. आणि उरलं तर? त्यावर कुणी बोलत नाही. एखाद्याने जीव लावून चालवली, ४.४ आणून दाखवलं, तर पुढच्या महिन्यापासून त्याचं ४.४ च ठरतं. बक्षीस हे! शहाणा ड्रायव्हर मग ४ च दाखवतो आणि उरलेलं डिझेल रस्त्यात कॅनमधून जातं. त्याला आपण चोरी म्हणतो. चोरी ती आहेच, मी तिची बाजू घेत नाही. पण वाचवलेला लिटर उघडपणे दाखवायला आपण त्याला एकही कारण ठेवलेलं नाही.

मी मामांना सुचवलंय ते एवढंच. तीन महिने टाकी फुल ते टाकी फुल असं मोजायचं, भरलेली ट्रिप वेगळी आणि रिकामी वेगळी. त्यातून निघेल तो आकडा वर्षभर हलवायचा नाही. त्याच्यावर जे वाचेल त्याचे पैसे निम्मे ड्रायव्हरला, पगाराबरोबर, रोख. घाटाची ट्रिप किंवा जास्त लोड आपण दिला असेल तर कापाकापी बंद.

मामा म्हणाले, “अरे पगार देतोच की. गाडी नीट चालवायचे पैसे वरून कशाला?” मी म्हटलं, तुम्ही आडतीवर पोत्यामागे पैसे देता, हमाल उचलतोच की, तरी देता ना? ते हसले, पण पटलेलं दिसलं नाही. माझं गणित मात्र सरळ आहे. १५ हजारांतले साडेसात दिले तरी साडेसात उरतात, आणि आज हातात शून्य येतंय.

थोरल्या गाडीवर जे काका आहेत, वीस वर्षं मामांकडेच, त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “आकडा वर्षभर बदलणार न्हाई, हे मालक लिहून देतील का?”

मामा अजून हो म्हणालेले नाहीत. एका गाडीवर, तूर निघेपर्यंत बघू, एवढ्यावर आलेत. मी वही आखून ठेवलीय.