एकशेवीसचा ठोका

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात टॅब्लेट आला तो गाण्यासाठी नव्हे, शिकवणीसाठी. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलुखात ज्यांना जमले त्यांनी उसनवारी करून का होईना, मुलांच्या हाती ही काचेची पाटी दिली. पुढे महाज्योतीसारख्या शासकीय संस्थेनेही नीट, जेईई, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना टॅब्लेट वाटले. परीक्षा झाल्या, निकाल लागले, पाट्या घरातच राहिल्या. आता संध्याकाळी आमच्या गल्लीतून फेरी मारली तर एका ओसरीवर कोणी मिरवणुकीसाठी हलगीचा ठेका बोटाने बडवत असतो, दुसरीकडे लग्नाच्या गाण्याला नवे ढोल चिकटवणे चाललेले असते. ज्या कामासाठी पूर्वी लातूर किंवा पुणे गाठून स्टुडिओचे तासाचे भाडे भरावे लागे, ते काम दप्तरात मावते आहे.

मी बँकेत होतो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हशी, शेळ्या आणि शिलाई यंत्रांच्या गर्दीत एखादे प्रकरण बँडपथकाच्या वाद्यांचेही येई. क्लॅरिनेट, ताशे, ड्रम यांची कोटेशने पाहून साहेब हमखास विचारीत, ‘याची वसुली लग्नसराईत करायची का?’ आज अख्खे पथक फुकट उतरवून घेता येते. पण फुकट दिसले की हिशेब जास्त काळजीने तपासावा, ही जुनी खोड माझी सुटलेली नाही.

शेजारची बारावीतली मुलगी एके दिवशी टॅब्लेट घेऊन आली. ‘काका, यातलं कोणतं घेऊ?’ तिच्या आजोबांना, म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना, अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. काळी चारमध्ये अजून उभे राहतात, पण दमा वाढतो आहे. त्यांच्याकडे काही चाली अशा आहेत की त्या मंडळातल्या तरुणांना येत नाहीत आणि कुठे ध्वनिमुद्रितही नाहीत. त्या तिला टिपून ठेवायच्या होत्या. मला संगीतातले कळते ते श्रोत्याइतकेच. पण तुलनात्मक तक्ता मांडण्यात हयात गेलेली, म्हणून वही काढली.

‘गॅरेजबँड’ सर्वांत गोंडस. २०११ साली आयपॅडवर आले, आता विनामूल्य आहे, आणि वापरायला इतके सोपे की लहान मूलही त्यातून काहीतरी बरे काढते. चिनी वाद्ये त्यात २०१६ पासून आहेत. पखवाज मात्र मला सापडला नाही. पण ते ॲपलच्याच यंत्रावर चालते, आणि आमच्याकडचा टॅब्लेट अँड्रॉइडचा. त्याच घरातले थोरले भावंड ‘लॉजिक प्रो’. ते २०२३ मध्ये आयपॅडवर आले तेव्हा महिना ४९९ रुपये वर्गणी होती. वर्गणी थांबली की काम थांबले. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीचे ‘क्युबेसिस’ २०१२ पासून आयपॅडवर आणि २०२० पासून अँड्रॉइडवरही आहे. पैसे एकदाच भरायचे. बेल्जियममधल्या कंपनीचे ‘एफएल स्टुडिओ मोबाइल’ही एकरकमीच, आणि आमच्या भागातल्या डीजेवाल्या पोरांच्या तोंडी ‘एफएल’ हा शब्द इतका रुळला आहे की ते हलगी-ढोलाइतकेच घरचे झाले आहे. ठेका तुकड्यातुकड्यांनी रचायचा असेल तर त्यांची निवड बरोबरच आहे. शेवटचे सिंगापूरचे ‘बँडलॅब’. मूळ वापर फुकट. वापरणाऱ्यांची नोंदणी दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. यात खाते उघडावे लागते आणि आपले काम त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

तक्ता सुरेख झाला. बुवांनी तो पाच मिनिटांत निकालात काढला.

बहुतेक ॲप उघडले की ते आपल्याला न विचारता एक लय धरून बसते: मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके, चार-चारच्या घरांत. मुलीने आजोबांच्या कानाला हेडफोन लावला आणि बटण दाबले. बुवांनी दोन ओळी म्हटल्या नि थांबले. ‘साहेब, ह्ये टिकटिक कोण करायलंय? मी म्हणायलोय का ह्येच्या मागं पळायलोय?’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भजनाची लय घड्याळाची नसते. अभंग संथ सुरू होतो, ध्रुवपद फिरून आले की टाळकरी थोडे पुढे सरकतात, पखवाजवाला त्यांना धरतो, आणि शेवटच्या चरणाला लय दुगुनीच्या उंबरठ्यावर पोचलेली असते. ही वाढ कोणी ठरवून करत नाही. तिला चौकटीत बसवायचे तर गाणाऱ्यालाच चौकटीत बसावे लागते. सुरांच्या बाबतीत ही ओरड जुनी आहे. पेटीचे स्वर कृत्रिम, तिला मींड येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केली होती. १९७१ मध्ये ती परत आली. मधली एकतीस वर्षे गावोगावची भजनी मंडळे पेटी वाजवतच राहिली. तेव्हा बारा स्वरांच्या पट्टीची मला फारशी धास्ती वाटत नाही. ठोक्याची वाटते.

दुसरी अडचण उशिराची. सूर माइकमधून शिरून टॅब्लेटमधून कानाशी परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. आयपॅडवर तो जाणवत नाही इतका कमी असतो. अँड्रॉइडने २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीत यात सुधारणा केली, तरी स्वस्त टॅब्लेटवर तो सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सहज जातो. दहावा भाग म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण आवाज हवेतून तेवढ्या वेळात ३४ मीटर जातो. म्हणजे बुवा दिंडीच्या पुढे आणि पखवाजवाला ३४ मीटर मागे, अशी ती गत. आधी पेटी, मग त्यावर टाळ, मग गळा, असे थर चढवायला गेलो की प्रत्येक थर घसरत होता. त्यात ब्लूटूथचा हेडफोन असेल तर आणखीच उशीर. तो आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

मार्ग तिने काढला, मी नव्हे. तिने टिकटिक बंद केली, थर चढवणेही बंद केले. गुरुवारी देवळात सगळे मंडळ नेहमीसारखे बसले, मधोमध एक माइक, आणि टॅब्लेट नुसता ऐकत राहिला. टाळकऱ्यांना दोन हात मागे बसवले, कारण त्यांचा आवाज गळ्यावर चढत होता. पंखे बंद केले. सगळे एकाच हवेत गात असले की उशिराचा प्रश्नच उरत नाही. माझ्या तक्त्यातले निम्मे रकाने त्या संध्याकाळी निकामी झाले. या कामाला फुकटचे बँडलॅब पुरले.

एका रकान्यावर मात्र मी अडून बसलो. कॅसेटच्या जमान्यात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेड्यापाड्यांत पोचला, आणि त्या कॅसेट अनेकांच्या कपाटात अजून आहेत. विकत घेतली ती वस्तू आपली झाली, कंपनी राहो न राहो. ॲपमधला प्रकल्प तसा नसतो. एकाची फाईल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडत नाही. पासवर्ड विसरला, वर्गणी चुकली, कंपनीने धोरण बदलले की पासबुक त्यांच्याकडे आणि आपण काउंटरबाहेर. म्हणून दर रात्री प्रत्येक अभंग ‘वेव्ह’ स्वरूपात बाहेर काढायचा असा नियम केला. मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते, आठ मिनिटांच्या अभंगाला ऐंशीच्या वर. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री चालेल, ठेवायला नाही. एकदा दाबून लहान केलेल्या आवाजातले गेलेले परत मिळत नाही. दोन पेनड्राइव्ह केले, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. फाईलच्या नावात तारीख, अभंगाचा पहिला शब्द आणि पट्टी. ‘काळी चार’ असेच लिहिले आहे. ॲप त्याला जी शार्प म्हणते.

बुवांना पहिला अभंग ऐकवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दुसऱ्या चरणाला पखवाज घाई करायलाय. पुन्हा घ्या.’ पुन्हा घेतला. आतापर्यंत अकरा चाली झाल्या आहेत. बुवांच्या मोजणीने अजून नऊ राहिल्या. त्या एकादशी झाल्यावर घ्यायच्या, खोकला उतरला तर.